नकारापासून विलीनीकरणापर्यंत: एएमडीच्या डिस्प्ले कोडची लिनक्स कर्नलसाठी झालेली पुनर्रचना

फेब्रुवारी २०१६ मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या डिस्प्ले ड्रायव्हर लिहिणाऱ्या गटाने लिनक्स कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, ग्राफिक्स उपप्रणालीकडे एक पॅचमालिका, म्हणजे कोडमधील बदलांची मालिका, पाठवली. ही मालिका कॅरिझो आणि टोंगा या दोन चिपांसाठी होती आणि तिच्यात सुमारे ९३ हजार ओळींचा नवा कोड होता. त्या कोडचे नाव होते 'डिस्प्ले ॲबस्ट्रॅक्शन लेयर', संक्षेपाने डीएएल. तो चालत होता, एएमडीच्या प्रयोगशाळांमध्ये तपासला जात होता आणि जुन्या कोडला न जमणाऱ्या अनेक गोष्टी त्याला जमत होत्या. तरीही तो त्या वर्षी कर्नलमध्ये गेला नाही. डिसेंबरमध्ये सुधारून पुन्हा विचारणा झाली, तेव्हा स्पष्ट शब्दांत नकार मिळाला. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये तोच कोड, बऱ्याच बदललेल्या रूपात, ४.१५ या आवृत्तीसाठी मुख्य शाखेत, म्हणजे कर्नलच्या अधिकृत कोडमध्ये, विलीन झाला. मधल्या २१ महिन्यांत त्या कोडमध्ये नेमके काय बदलले, आणि जे बदलले नाही ते का बदलले नाही, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

प्रकरण समजण्यासाठी आधी त्या उपप्रणालीची थोडी ओळख हवी. लिनक्समध्ये ग्राफिक्स कार्डांचा कारभार 'डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर', म्हणजे डीआरएम, या भागाकडे असतो. पडद्यावर कोणते चित्र, कोणत्या आकारात आणि किती वेगाने जावे हे ठरवण्याचे काम २००९ पर्यंत बहुतांशी कर्नलबाहेरील एक्स सर्व्हर हा खिडक्या दाखवणारा प्रोग्राम करीत असे. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून हे काम इंटेलच्या ड्रायव्हरपुरते कर्नलमध्ये आले आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. त्यानंतरचा मोठा बदल होता 'ॲटॉमिक' पद्धतीचा. पडद्यावरील सर्व बदल एका प्रस्तावित स्थितीत गोळा करायचे, हार्डवेअरला हात न लावता ती स्थिती शक्य आहे की नाही हे तपासायचे, आणि शक्य असेल तरच ती एकदम लागू करायची, असे तिचे सूत्र आहे. फेब्रुवारी २०१५ मधील ३.१९ आवृत्तीत या पद्धतीचा पाया घातला गेला आणि ऑगस्ट २०१५ मधील ४.२ आवृत्तीत ती सर्वांसाठी खुली झाली. एएमडीचा 'एएमडीजीपीयू' हा नवा ड्रायव्हरही त्याच ४.२ आवृत्तीत दाखल झाला. मात्र त्याचा डिस्प्लेचा भाग जुन्या 'रेडिऑन' ड्रायव्हरवरून उचललेला होता आणि ॲटॉमिक पद्धत त्याला माहीत नव्हती.

एएमडीपुढची अडचण खरी होती. एचडीएमआय २.० वरून सेकंदाला ६० चौकटींच्या वेगाने ४के चित्र पाठवणे, एकाच डिस्प्लेपोर्ट जोडणीवर साखळीने अनेक पडदे चालवणे, ॲटॉमिक पद्धत अंगीकारणे आणि वीजबचतीच्या नव्या सोयी वापरणे, हे सगळे जुन्या कोडवर ठिगळे लावून साधणारे नव्हते. दुसरीकडे कंपनीकडे विंडोजसाठी लिहिलेला मोठा, कसून तपासलेला डिस्प्ले कोड होता. हार्डवेअर अभियंते नवी चिप हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतर ज्या कोडवर चाचण्या घेत, तोच कोड लिनक्सवरही चालवता आला, तर नवे कार्ड बाजारात येईल त्या दिवशी लिनक्सचा वापरकर्ता मागे राहणार नाही, असा हा हिशेब होता. लिनक्ससाठी काम करणारी माणसे मोजकी असताना प्रत्येक चिपसाठी तेच काम दोनदा करणे परवडण्यासारखे नव्हते. हा हिशेब चुकीचा होता असे मला वाटत नाही. चूक होती ती एकच कोड दोन ठिकाणी चालवण्यासाठी निवडलेल्या रचनेत.

ती रचना अशी होती. मध्यभागी हार्डवेअरची सर्व माहिती असलेला गाभा, आणि त्याला कार्यप्रणालीची कोणतीही ओळख होऊ नये म्हणून त्याच्याभोवती आवरण. गाभ्याला मेमरी हवी असेल तर त्याने कर्नलचे 'केझेडॲलॉक' हे फंक्शन थेट बोलवायचे नाही, तर आवरणातले स्वतःचे फंक्शन बोलवायचे आणि त्याने पुढे कर्नलकडे मागणी करायची. पडद्याशी आय२सी किंवा ऑक्स वाहिनीवरून (केबलमधील माहितीच्या देवाणघेवाणीच्या वाटांवरून) बोलायचे असेल तर त्यासाठीही स्वतःचाच वेगळा कारखाना. याद्या आणि सदिश ठेवण्यासाठी स्वतःचे साचे, नोंदी लिहिण्यासाठी स्वतःचा लॉगर.

बाहेरून पाहणाऱ्याला हा केवळ आवडीनिवडीचा वाद वाटू शकतो, म्हणून मेमरीचे उदाहरण जरा सविस्तर पाहू. कर्नलमध्ये मेमरी मागताना प्रत्येक वेळी एक सूचक चिन्ह द्यावे लागते. मेमरी मिळेपर्यंत थांबून राहणे, म्हणजे झोपी जाणे, या ठिकाणी चालेल की नाही, हे ते चिन्ह सांगते. चित्र बदलण्याचा क्षण बहुधा इंटरप्टच्या, म्हणजे हार्डवेअर प्रोसेसरचे लक्ष वेधते त्या क्षणाच्या, आसपासचा असतो आणि तेथे झोपणे म्हणजे संपूर्ण यंत्र अडकवणे. मूळ फंक्शन थेट वापरले असेल तर वाचणाऱ्याला त्या ओळीतच कळते की लेखकाने काय गृहीत धरले आहे. आवरणाच्या फंक्शनमध्ये ते चिन्ह आत कुठेतरी एकदाच ठरलेले असते आणि बोलवणाऱ्या शेकडो ठिकाणांवरून ते दिसत नाही. शिवाय कर्नलमधील चुका शोधणारी कॉक्सिनेल, स्मॅच यांसारखी साधने कर्नलची नेहमीची फंक्शने ओळखतात. मेमरी मिळाली नाही तर काय, घेतलेली मेमरी परत केली का, हे ती आपोआप तपासतात. वेगळ्या नावाचे फंक्शन आले की त्यांची नजर आवरणापाशीच थांबते. आय२सी आणि ऑक्सच्या बाबतीत तोटा आणखी उघड आहे. बाजारात विचित्र वागणारे पडदे पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी एखाद्यावर इंटेलच्या ड्रायव्हरसाठी तोडगा निघाला आणि तो सामायिक कोडमध्ये लिहिला गेला, तर तो नूवो (एनव्हिडियाच्या कार्डांचा मुक्त ड्रायव्हर), रेडिऑन अशा सर्वांना आपोआप मिळतो. स्वतंत्र कारखाना चालवणाऱ्या ड्रायव्हरला मात्र तो तोडगा पुन्हा नव्याने शोधावा लागतो.

पहिल्या मालिकेवर डेव्ह एअर्ली आणि डॅनियल व्हेटर यांच्यासह अनेकांनी या स्वरूपाच्या हरकती घेतल्या. एअर्ली हे डीआरएमचे प्रमुख मेंटेनर, म्हणजे कोणता कोड आत घ्यायचा ते ठरवणारे, आणि व्हेटर हे ॲटॉमिक पद्धतीच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक. एएमडीच्या गटाने हरकती मनावर घेतल्या आणि पुढील काही महिने खरोखर साफसफाई केली. न वापरलेला कोड काढला, अनेक आवरणे पातळ केली. ९३ हजारांवरून ओळींची संख्या सुमारे ६६ हजारांवर आली आणि नावही 'डिस्प्ले कोअर', म्हणजे डीसी, असे झाले. डिसेंबर २०१६ मध्ये हॅरी वेंटलँड यांनी एएमडीच्या वतीने विचारणा केली की येऊ घातलेल्या चिपसाठी आता डीसी मुख्य शाखेत घेता येईल का.

एअर्ली यांचे उत्तर नकाराचे होते. त्याचा आशय थोडक्यात असा की, साफसफाई झाली हे मान्य, परंतु कर्नल आणि हार्डवेअर यांच्या मध्ये बसणारा अमूर्त थर हा मूळ आक्षेप होता आणि तो तसाच आहे. कर्नलचे मूळ लेखक लायनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्यावर टाकलेला विश्वास मोडून असा एवढा मोठा थर आपण विलीन करणार नाही, हेही त्यांनी सांगितले. प्रमुख मेंटेनर कोणत्याही चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पगारावर नाही, याचे कारणच हे आहे की त्या त्या कंपनीच्या मेंटेनरांना जे 'नाही' म्हणणे जमत नाही ते त्याला म्हणता यावे, असेही त्यांनी मांडले. ते त्या वेळी रेड हॅटमध्ये होते. एएमडीकडून ॲलेक्स डॉयचर यांनी सविस्तर उत्तर दिले. मोठ्या कंपनीत राहून मुक्त ड्रायव्हरसाठी माणसे आणि वेळ मिळवणे किती कठीण असते, आणि प्रत्येक वेळी उंबरठा वर गेला तर ते आणखी कठीण होते, ही त्यांची व्यथा मला आजही रास्त वाटते.

या टप्प्यावर पुष्कळ वाचकांनी हा प्रसंग दोन हट्टी पक्षांचे भांडण म्हणून वाचला. मला त्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ओळी सुमारे तीस टक्क्यांनी कमी होऊनही नकार कायम राहिला, याचा अर्थ ओळींची संख्या हा मुद्दा कधीच नव्हता. मुद्दा असा होता की हा कोड समजण्यासाठी लागणारे ज्ञान कोणाकडे आहे. डीआरएमच्या साठ्यात ज्या कोणाला ॲटॉमिक पद्धत कळते, त्याला इंटेलचा ड्रायव्हर उघडला तरी प्लेन (चित्राचा एक थर), सीआरटीसी (थर एकत्र करून पडद्याच्या तालावर पाठवणारा भाग), कनेक्टर (पडद्याची जोडणी) या वस्तू ओळखीच्या दिसतात, त्यांचे आयुष्य कधी सुरू होते आणि कधी संपते हे ठाऊक असते. सामायिक भागात बदल करणारा माणूस एकाच बैठकीत वीसेक ड्रायव्हर दुरुस्त करतो, आणि कर्नलचे अंतर्गत करार स्थिर नसल्यामुळे त्याला ते करावेच लागते. डीसी उघडल्यावर त्याला दुसरेच जग दिसत असे. तेथे 'टार्गेट' होते, 'स्ट्रीम' होते, 'सरफेस' होते, आणि त्यांचा डीआरएमच्या वस्तूंशी असलेला संबंध फक्त लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होता. उद्या एएमडीने तो गट दुसऱ्या कामाला लावला असता, तर मागे राहिलेला कोड कोणी सांभाळायचा? कर्नलमध्ये घेतलेला कोड दहा-पंधरा वर्षे तरी राहतो, हे लक्षात घेतले तर हा प्रश्न काल्पनिक नाही.

२०१७ सालातील कामाचे खरे स्वरूप यावरून कळते. आता नुसता कोड कमी करायचा नव्हता, तर आतल्या वस्तूंची नावे, घडण आणि आयुष्य डीआरएमच्या वस्तूंशी जुळवायचे होते.

पहिले उदाहरण 'टार्गेट'चे. डीसीमध्ये टार्गेट म्हणजे एकत्र चालणाऱ्या स्ट्रीमांचा गठ्ठा अशी कल्पना होती. लिनक्समध्ये या मधल्या पायरीला काही काम उरत नव्हते, तरी प्रत्येक फंक्शनला टार्गेटमधून स्ट्रीमपर्यंत उतरावे लागे. ही वस्तू पूर्णपणे काढून टाकली गेली आणि फंक्शने थेट स्ट्रीम घेऊ लागली. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. स्ट्रीम ही एकच गोष्ट कोडमध्ये एकात एक बसवलेल्या घडणींमध्ये विभागलेली होती. बाहेरच्यांना दाखवायची 'डीसी-स्ट्रीम', तिला पोटात घेऊन गाभ्यापुरती असलेली 'कोअर-स्ट्रीम', आणि तिच्याही भोवती संदर्भांची मोजणी (वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याची नोंद) ठेवणारी खाजगी 'स्ट्रीम'. बाहेरून आलेल्या पॉइंटरवरून आतल्या घडणीकडे जाण्यासाठी जागोजागी रूपांतराचे मॅक्रो वापरलेले असत. दोन कार्यप्रणालींमध्ये कोड वाटायचा तर आतले तपशील लपवावेत, हा त्यामागचा विचार होता. पण लिनक्समध्ये लपवण्यासारखे कोणी बाहेरचे नव्हतेच. सगळा कोड एकाच झाडात, एकाच परवान्याखाली. मग या घड्या उलगडून एकच सपाट घडण केली गेली, आणि हेच सरफेस, लिंक (जोडणी), सिंक (पलीकडचा पडदा) यांच्याबाबतही झाले.

त्यानंतर नावे बदलली. 'डीसी-सरफेस'चे 'डीसी-प्लेन-स्टेट' झाले, 'डीसी-स्ट्रीम'चे 'डीसी-स्ट्रीम-स्टेट', आणि 'व्हॅलिडेट-कॉन्टेक्स्ट'चे 'डीसी-स्टेट'. नाव बदलणे हे वरवरचे काम आहे असे कोणी म्हणेल तर त्याने शेवटच्या नावाकडे नीट पाहावे. ॲटॉमिक पद्धतीत 'स्टेट' हा शब्द एक वचन देतो: ही प्रस्तावित स्थितीची प्रत आहे, ती तपासली गेली आहे, आणि जी तपासली तीच लागू होईल. 'व्हॅलिडेट-कॉन्टेक्स्ट' या नावात फक्त तपासणीची वेळ दिसते. आधीच्या कोडमध्ये तपासणीच्या वेळी एक संदर्भ बांधला जाई आणि लागू करताना तो पुन्हा नव्याने बांधला जाई. दोन्ही वेळा निकाल एकच येईल, ही केवळ आशा होती. मधल्या काळात काही बदलले, तर कर्नलने वापरकर्त्याच्या प्रोग्रामला 'शक्य आहे' असे सांगितलेली गोष्ट ऐनवेळी अशक्य ठरायची, आणि ॲटॉमिक पद्धतीत लागू करण्याच्या टप्प्यावर अपयशाला जागाच नाही. म्हणून तपासलेली स्थितीच संदर्भमोजणीसह जपून ठेवायची आणि तीच हार्डवेअरवर उतरवायची, या दिशेने बदल होत गेले. नावाआधी वागणूक बदलावी लागली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

सर्वच गोष्टी डीआरएमच्या साच्यात बसवणे मात्र शक्य नव्हते, आणि येथे एएमडीचे अभियंते बरोबर होते हे नोंदवले पाहिजे. डीआरएमचा मूळ साचा असा की एका पडद्यामागे एक सीआरटीसी असतो आणि त्याला ठरावीक प्लेन जोडलेले असतात. रेव्हन चिपमध्ये आलेल्या डीसीएन १.० या नव्या डिस्प्ले यंत्रणेत चित्राचा प्रवास वेगवेगळ्या भागांच्या साखळीतून होतो. मेमरीतून चित्र उचलणारा भाग, त्याचा आकार व रंग बदलणारा भाग, अनेक थर एकत्र मिसळणारा भाग आणि शेवटी पडद्याच्या तालावर ते बाहेर सोडणारा भाग. मोठ्या पडद्याचे एकच चित्र कधी कधी दोन साखळ्यांमध्ये अर्धे-अर्धे वाटले जाते, आणि हे वाटप इतर पडदे काय करीत आहेत यावर अवलंबून असते. मेमरीची रुंदी, घड्याळाचा वेग आणि पाणरेषा, म्हणजे साठा किती खाली गेला की नवे चित्र मागवायचे ती पातळी, हे सर्व पडद्यांचा एकत्र विचार केल्याशिवाय ठरत नाही. त्यामुळे वस्तू-वस्तूंची जुळणी केली तरी त्यांच्या पलीकडे संपूर्ण यंत्राची एक सामायिक स्थिती ठेवणे अपरिहार्य होते. डीसी-स्टेट ती जागा भरते. म्हणजे मधला थर सरसकट पाडला गेला असे नाही. जो थर केवळ कार्यप्रणाली लपवण्यासाठी होता तो बराचसा गेला, आणि जो हार्डवेअरच्या गरजेतून आला होता तो राहिला. हा फरक २०१६ मध्ये दोन्ही बाजूंना इतक्या स्पष्टपणे मांडता आला नव्हता, असे मागे वळून पाहताना वाटते.

बँडविड्थची गणिते हा एक वेगळाच अध्याय आहे. वर सांगितलेल्या पाणरेषा आणि घड्याळे काढणाऱ्या सूत्रांच्या फाइली कर्नलच्या लेखनशैलीत अजिबात बसत नाहीत. चलांची नावे वाक्यांएवढी लांब आणि फंक्शने पानेच्या पाने चालणारी आहेत. त्या फाइलींच्या माथ्यावर एक टीप लिहिलेली आहे. हे सर्व थेट हार्डवेअर अभियंत्यांकडून आलेले असून ते प्रमाण मानावे, आणि काही उघड चूक असल्याखेरीज हात लावू नये, कारण ते जसेच्या तसे असणे हीच ते बरोबर असल्याची हमी आहे, असा त्या टिपेचा भावार्थ. कर्नलमध्ये अशी सवलत मागणे धाडसाचे आहे, परंतु येथे ती योग्य होती. सूत्रे सुबक करताना एखादी कंसाची जागा चुकली तर चूक कोणत्याही चाचणीत लगेच दिसणार नाही. कुठल्या तरी एका विशिष्ट पडद्याच्या जोडीवर, विशिष्ट भाराखाली, चित्र क्षणभर फाटेल, एवढेच. अशा वेळी बाहेरून मिळालेल्या सत्यापनाचा धागा तुटू न देणे हे सौंदर्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

त्याच गणितांनी दुसरी एक अडचण आणली. डीसीएनची सूत्रे दशांश अपूर्णांकांत, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटमध्ये, लिहिलेली होती. कर्नल सहसा हे टाळतो, कारण प्रोसेसरच्या त्या विभागातील रजिस्टरांमध्ये वापरकर्त्याच्या प्रोग्रामची मूल्ये असतात आणि कर्नल ती उगाच जपून ठेवण्याचा खर्च करीत नाही. वापरायचेच असेल तर आधी परवानगी घेऊन ती मूल्ये बाजूला ठेवावी लागतात, काम संपताच परत द्यावी लागतात, आणि मधल्या वेळेत झोपता येत नाही. त्यामुळे त्या फाइली वेगळ्या कंपायलर सूचनांसह बांधाव्या लागल्या, आणि विलीनीकरणाच्या वेळी डीसीएनचा आधार फक्त एक्स८६ (इंटेल-एएमडी कुटुंबातील) प्रोसेसरांपुरता मर्यादित राहिला.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१७ च्या सुमारास प्रकरणाने असे वळण घेतले की त्याची नोंद व्हायलाच हवी. ज्या एअर्लींनी नकार दिला होता, त्यांनीच डीसीच्या कोडमध्ये उतरून डझनांनी लहान पॅच पाठवले. कोणी बोलवत नसलेली फंक्शने काढणे, एकाच फाइलीत वापरलेली फंक्शने त्या फाइलीपुरती करणे, एका ओळीची आवरणे उलगडून टाकणे, अशी ही कामे होती. कामे किरकोळ वाटतात. पण एएमडीच्या बाहेरचा माणूस हा कोड वाचू शकतो, समजून घेऊन बदलू शकतो आणि तो बदल एएमडीकडून स्वीकारला जातो, हे या पॅचांनी सिद्ध झाले. डिसेंबर २०१६ मधल्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर युक्तिवादाने देता आले नसते. मेमरीचे आवरणही या काळापर्यंत गेले होते. विलीन झालेल्या कोडमध्ये स्ट्रीम तयार करणारे फंक्शन केझेडॲलॉकच बोलवते, थांबता येते की नाही याचे चिन्ह देऊन.

नोव्हेंबर २०१७ मध्ये एअर्ली यांनी ४.१५ साठी डीआरएमच्या नेहमीच्या बदलांपासून वेगळी, फक्त डीसीची विनंती टॉरवाल्ड्स यांना पाठवली आणि ती स्वीकारली गेली. त्या विनंतीत सुमारे १ लाख ३२ हजार ओळी होत्या. ९३ हजार नाकारल्या गेल्या, ६६ हजारही नाकारल्या गेल्या, आणि १ लाख ३२ हजार घेतल्या गेल्या. मधल्या काळात व्हेगा आणि रेव्हन या नव्या चिपांचा आधार आत आल्यामुळे आकडा वाढला, आणि वाढलेल्या आकड्यावर कोणी अडून बसले नाही.

विलीनीकरणाबरोबर डीसीच्या फोल्डरमध्ये 'टूडू' नावाची एक साधी मजकूर फाइलही आली. तिच्यात झालेली, चालू असलेली आणि बाकी असलेली कामे क्रमाने लिहिलेली होती. वस्तू सपाट केल्या, नावे जुळवली, ही झालेली कामे. पाइपचा, म्हणजे चित्राच्या एका साखळीचा, संदर्भ प्लेन आणि स्ट्रीम यांच्या साधनांमध्ये विभागायचा, पडद्याची ओळखमाहिती वाचण्यासाठी डीसीच्या स्वतःच्या नोंदींऐवजी डीआरएमच्याच वापरायच्या, ही चालू किंवा बाकी कामे. नकाराच्या वेळी तोंडी मागण्या म्हणून जे पुढे आले होते ते येथे सर्वांना वाचता येईल अशा कर्जपत्रकाच्या रूपात कोडशेजारीच ठेवले गेले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. व्हेगा ६४ हे कार्ड १४ ऑगस्ट २०१७ रोजी बाजारात आले. कर्नलच्या मुख्य शाखेत त्या चिपचा बाकीचा आधार ४.१२ पासून होता, पण पडदा चालवण्यासाठी डीसीशिवाय दुसरा कोड लिहिलेलाच नव्हता. ४.१५ आवृत्ती २८ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध झाली. मधले पाच महिने ज्याने ते कार्ड घेतले त्याला एएमडीची वेगळी शाखा बांधून घ्यावी लागली किंवा कंपनीचे स्वतंत्र पॅकेज बसवावे लागले. वितरणातला नेहमीचा कर्नल घेऊन बसणाऱ्या सामान्य वापरकर्त्याला पडद्यावर काहीच दिसत नव्हते. नकार योग्य होता असे मानणाऱ्यानेही हे विसरू नये.

पुढची वाटचाल सावधपणे झाली. ४.१५ मध्ये डीसी आपोआप सुरू होई ते फक्त व्हेगा आणि रेव्हनसाठी, कारण त्यांना पर्याय नव्हता. जुन्या चिपांवर रेडिऑनकडून आलेला कोड चालू राहिला आणि ज्याला हवे त्याने बांधणीच्या वेळी डीसी निवडावा अशी सोय ठेवली गेली. जून २०१८ मधील ४.१७ आवृत्तीपासून आधार असलेल्या सर्व चिपांसाठी डीसी हाच नेहमीचा मार्ग झाला. त्याच वर्षी आय२सी आणि ऑक्सचा तो वेगळा कारखानाही, म्हणजे 'आय२सीऑक्स' नावाचे अख्खे फोल्डर, काढून टाकले गेले. पहिल्या आक्षेपानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने.

पुनर्रचनेचा फायदा एएमडीच्या बाहेर कोणाला झाला का, याचे उत्तर फ्रीसिंकच्या निमित्ताने मिळते. खेळात चौकटी कमीजास्त वेगाने तयार होतात तेव्हा पडद्यानेही त्यांच्या तालावर चालावे, अशी ही सोय. एएमडीच्या स्वतःच्या शाखेत ती केवळ एएमडीजीपीयूला कळणाऱ्या खास आज्ञेने चालत असे. मुख्य शाखेत मात्र मार्च २०१९ मधील ५.० आवृत्तीत ती डीआरएमच्या सामायिक गुणधर्मांच्या रूपाने आली. पडद्याला हे जमते की नाही हे सांगणारा एक गुणधर्म कनेक्टरवर, आणि ते चालू करणारा दुसरा सीआरटीसीवर. दोन वर्षांनी, ५.१२ आवृत्तीत, इंटेलने आपल्या टायगर लेक चिपांसाठी हीच सोय आणली तेव्हा तेच गुणधर्म वापरले आणि वरच्या प्रोग्रामांना नवे काही शिकावे लागले नाही. डीसी स्वतःच्या शब्दांत बोलत राहिला असता तर हे इतक्या सहज जमले असते असे मला वाटत नाही.

काही गोष्टी आजही तशाच आहेत. रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची डीसीची स्वतःची फंक्शने आणि त्यांच्यावर रचलेले मॅक्रो टिकून आहेत, कारण एकच फाइल चिपांच्या अनेक पिढ्यांसाठी चालवण्याचे काम ते खरोखर करतात. फ्लोटिंग पॉइंटची गणिते पुढे टप्प्याटप्प्याने एका वेगळ्या फोल्डरमध्ये गोळा करण्यात आली, म्हणजे प्रोसेसरच्या त्या विभागाची परवानगी कुठे घेतली आणि कुठे परत दिली हे एका जागी तपासता यावे. आणि ५.१७ आवृत्तीच्या सुमारास कर्नलच्या दस्तऐवजांत एएमडीच्या डिस्प्लेसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यात चित्राच्या साखळीतील प्रत्येक भागाची आकृती आहे, आणि डीसीच्या कोडमध्ये पावलोपावली भेटणाऱ्या संक्षेपांचा एक शब्दकोश आहे. एचयूबीपी म्हणजे काय, एमपीसी कशासाठी, ओपीपी कुठे बसतो, हे आता एएमडीमध्ये कोणालाही न विचारता वाचता येते.